तीन महिन्यांची सुई

मंडळी, आज प्रोस्टेटच्या कर्करोगावर वर्षानुवर्षं घ्याव्या लागणाऱ्या इंजेक्शनांचा इतिहास सांगायचा आहे. मी डॉक्टर नाही, तत्त्वज्ञानाचा मास्तर. पण ही सुई गेली चार वर्षं दर तीन महिन्यांनी मीही घेतो, म्हणून वाचणं भाग पडलं.

सुरुवात १९४१ सालची, शिकागोतली. हा कर्करोग पुरुषसंप्रेरकावर, म्हणजे टेस्टोस्टेरॉनवर पोसला जातो हे चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी दाखवलं. वृषण काढले की पसरलेला रोगसुद्धा मागे हटतो. हगिन्सना त्यासाठी १९६६ साली नोबेल मिळालं. दुसरा मार्ग स्टिलबेस्ट्रॉल या कृत्रिम स्त्रीसंप्रेरकाच्या गोळ्यांचा. पण मोठ्या डोसने हृदयविकाराचे मृत्यू वाढतात, हे अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या अभ्यासात दिसून आलं. म्हणजे सुरी नको, आणि गोळीही धोक्याची.

१९७१ साली अँड्र्यू शॅली यांच्या गटाने डुकरांच्या मेंदूतून काढलेल्या एका स्रावाची रचना उलगडली. टेस्टोस्टेरॉन बनवण्याचा हुकूम या स्रावापासून सुरू होतो. इथे एक गंमत आहे. मेंदू हा स्राव थांबत थांबत सोडतो. तसाच पदार्थ सतत देत राहिलं, की ग्रंथी आधी उसळते आणि मग गप्प बसते! त्यातून ल्युप्रोलाइड आलं. अमेरिकेत त्याला १९८५ साली मान्यता मिळाली. आधी ते रोज टोचावं लागे, मग महिन्याला, मग तीन महिन्यांना.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. सुरी लावायची नाही, आणि थांबवलं तर परत फिरता येतं, असा उपाय म्हटल्यावर तो लवकर सुरू करायला कोण कचरेल? त्याच सुमारास पीएसए चाचणी आली. पूर्वी हाडं दुखायला लागल्यावर जे देत, ते आता नुसता आकडा वाढला तरी दिलं जाऊ लागलं. फायदा खरा आहे, मी नाकारत नाही. रेडिएशनबरोबर तीन वर्षं इंजेक्शनं दिली तर जास्त रुग्ण जगतात, हे १९९७ साली युरोपातल्या अभ्यासाने दाखवलं. पण अंगातून गरम वाफा, स्नायू झिजणं, पोट सुटणं, हाडं ठिसूळ होणं, इच्छा मावळणं, उगाच डोळे भरून येणं, हे सगळं आता वर्षानुवर्षं चालू लागलं. उपाय सौम्य झाला आणि त्रास लांबला.

'साइड इफेक्ट' हा शब्दच मला खटकतो. बाजूला काय आहे त्यात? टेस्टोस्टेरॉन घालवणं हाच इफेक्ट, आणि हाडांना तेही हवं असतं.

मोजायला मात्र उशीर झाला. निदानानंतर किमान पाच वर्षं जगलेल्यांत उपचार घेणाऱ्या १९.४ टक्के पुरुषांचं हाड मोडलं, न घेणाऱ्यांत १२.६ टक्के. हा अमेरिकेतला आकडा छापून आला २००५ साली! त्याआधी २००३ मध्ये कॅनडात १५५ रुग्णांवर एक प्रयोग झाला. आठवड्यातून तीनदा, बारा आठवडे वजनं उचलायची. जे उचलत होते त्यांचा थकवा कमी झाला. त्याच देशात, हगिन्स यांच्या जन्मगावी हॅलिफॅक्सला, रिचर्ड वॉसरसुग नावाचे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांना स्वतःला हा रोग झाला, उपचारही घ्यावे लागले. त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर रुग्ण आणि त्यांच्या जोडीदारांसाठी पुस्तक लिहिलं, २०१४ साली. हगिन्स यांच्या शोधानंतर त्र्याहत्तर वर्षांनी.

मला पहिल्या वर्षी यातलं कुणी काही सांगितलं नव्हतं. रात्री घामाने उशी भिजायची. शेवटी ओळखलं ते हिने. म्हणाली, "अहो, हे तर माझं पन्नाशीतलं!" मग सुती सदरा, उशाशी पंखा, संध्याकाळचा चहा बंद, हे सगळं तिच्याकडूनच शिकलो. हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी मी मागून करून घेतली. वजनं उचलायला डॉक्टरांना विचारून लागलो. रोग हाडात गेला असेल, तर न विचारता उचलू नका.

आता तुमचे प्रश्न घेऊ. मध्येच मी उठून पंख्याखाली गेलो, तर दोन मिनिटं थांबा.