मालमत्तेच्या नोंदींतून माणसांचा माग : अमेरिकेतील काउंटी-दफ्तरे आणि गुलामांची आत्मकथने

अमेरिकेतील कृष्णवर्णीय कुटुंबांच्या इतिहासाचा शोध घेणारे अभ्यासक १८७० ची जनगणना ही एक भिंत मानतात. डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपुष्टात आली. त्यानंतरच्या या पहिल्या जनगणनेत पूर्वीच्या गुलामांची नावे इतर नागरिकांप्रमाणे, आडनावासह नोंदली गेली. त्याआधीच्या १८५० आणि १८६० च्या जनगणनांत गुलामांसाठी स्वतंत्र तक्ते होते. परंतु त्यांत नाव असे ते मालकाचे. त्याखाली एकेका ओळीत गुलामाचे वय, लिंग आणि वर्ण एवढेच लिहिलेले असे. १८६० मध्ये गुलामगिरीत असलेल्या सुमारे ४० लाख माणसांपैकी बहुतेकांना राष्ट्राच्या शिरगणतीने नावच दिले नव्हते.

असे असले तरी ही माणसे कागदोपत्री सर्वस्वी अनामिक होती असे नाही. त्यांची नावे काउंटीच्या न्यायालयात, जमिनींच्या खरेदीखतांच्या आणि मृत्युपत्रांच्या नोंदवह्यांत होती. ज्या व्यवस्थेने त्यांना माणूस मानले नाही, तिलाच मालमत्ता म्हणून त्यांची ओळख पटवावी लागत होती. एका घोड्याऐवजी दुसरा घोडा दिला गेल्यास जसा तंटा उद्भवतो, तसाच तो एका हॅरिएटऐवजी दुसरी हॅरिएट दिली गेल्यास उद्भवणार होता. म्हणून नाव आवश्यक होते. या नोंदींचे स्वरूप आणि गुलामांच्या आत्मकथनांशी असलेले त्यांचे नाते हा तुलनात्मक साहित्याभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचा विषय आहे; कारण एकच आयुष्य येथे दोन परस्परविरोधी हेतूंनी लिहिले गेले आहे.

नोंद केव्हा होते?

दक्षिणेकडील राज्यांत काउंटी हा स्थानिक प्रशासनाचा पाया होता. जमिनीचे व्यवहार, वारसा, कर, कर्जवसुली हे सारे काउंटीच्या कचेरीत नोंदले जाई. व्हर्जिनियाने १७०५ च्या कायद्याने वारसाहक्कासाठी गुलामांना स्थावर मालमत्तेत गणले होते. पुढे राज्याराज्यांत आणि काळानुसार हे वर्गीकरण बदलत गेले, तरी गुलाम ही नोंदणीयोग्य आणि तारणयोग्य मालमत्ता राहिली. साहजिकच मृत्युपत्र, बक्षीसपत्र, खरेदीखत, गहाणखत, करयाद्या आणि वाटणीपत्रे यांत गुलामांचा उल्लेख येतो.

यांतील सर्वांत भरीव साधन म्हणजे मृत मालकाच्या मालमत्तेची यादी. मालक निवर्तला की न्यायालय काही प्रतिष्ठित शेजाऱ्यांना मूल्यमापक म्हणून नेमी. ते घरात, कोठारात, शेतात फिरून प्रत्येक वस्तूची किंमत ठरवीत. नांगर, गुरे, पलंग, भांडी आणि माणसे एकाच यादीत येत. माणसांच्या नावांपुढे पुष्कळदा वय आणि बहुधा किंमत असे. काही याद्यांत आई आणि तिची तान्ही मुले एकाच ओळीत, एकाच किमतीला लिहिलेली आढळतात. यादीनंतर वारसांमधील वाटणी किंवा लिलावाचा हिशेब येतो. कोण कोणाच्या वाट्याला गेला हे तेथे कळते, आणि एक कुटुंब किती घरांत विखुरले हेही कळते.

या साधनांची एक मर्यादा त्यांच्या हेतूतच आहे. मालमत्तेची नोंद मालमत्ता हलते तेव्हाच होते. मालक वीस वर्षे सुखरूप जगला, त्याने कर्ज काढले नाही, मुलीच्या लग्नात काही दिले नाही, तर त्या वीस वर्षांत त्याच्या गुलामांच्या आयुष्याची नोंद क्वचितच सापडते. मालकाचा मृत्यू, दिवाळखोरी, विवाह, स्थलांतर या प्रसंगी मात्र ती एकाएकी दिसू लागतात. नेमक्या याच प्रसंगी गुलाम कुटुंबांची ताटातूट होण्याचा धोका सर्वाधिक असे. १७९० ते १८६० या काळात देशांतर्गत व्यापारात आणि मालकांच्या स्थलांतरात सुमारे दहा लाख गुलाम जुन्या राज्यांतून कापसाच्या नव्या प्रदेशांत नेले गेले. त्यांच्यापैकी अनेकांचा अखेरचा मागमूस एखाद्या खरेदीखतात मिळतो. दुसऱ्या शब्दांत, ही दफ्तरे गुलामांचे जीवन नोंदवीत नाहीत. त्या जीवनातील विच्छेद नोंदवितात.

म्हणून शोधाची पद्धतही उलटी आहे. अभ्यासकाला गुलामाचा माग काढण्यासाठी प्रथम मालकाची वंशावळ उभी करावी लागते. त्याची पत्नी कोणत्या घराण्यातील, तिने माहेराहून कोणते गुलाम आणले, धाकट्या मुलाला आजोबांनी काय दिले, विधवेने पुनर्विवाह केला तेव्हा तिच्या मालमत्तेचे काय झाले, हे सारे पाहावे लागते. गुलामाचे एकेरी नाव या मालकांच्या वंशवृक्षावर फांदीफांदीने शोधावे लागते. ‘मेरी’, ‘जॉन’ अशी नावे एकाच काउंटीत अनेकांची असल्याने केवळ नाव जुळणे पुरेसे ठरत नाही. वय, आईचे नाव, भावंडांचा क्रम आणि मालकीची अखंड साखळी जुळावी लागते.

या दस्तऐवजांच्या भाषेत एक वाक्प्रयोग पुन्हा पुन्हा येतो. स्त्री गुलाम देताना ती ‘आणि तिची भावी वाढ’ दिली जाते. गुरांच्या कळपासाठी वापरायचा शब्द येथे न जन्मलेल्या मुलांसाठी आहे. आईची अवस्था तीच मुलाची अवस्था, हे तत्त्व व्हर्जिनियाने १६६२ मध्ये कायद्यात आणले होते. त्यामुळे मातृवंश हा मालकाच्या हिताचा विषय बनला आणि दफ्तरांत आईचे नाव टिकले. पित्याचे नाव मात्र क्वचितच आढळते. पिता स्वतः मालक असेल, तर ते लिहिले जाण्याची शक्यता जवळजवळ नव्हती.

फ्रेडरिक डग्लस : मालकाला ठाऊक असलेली जन्मतिथी

फ्रेडरिक डग्लस यांच्या १८४५ च्या आत्मकथनाच्या आरंभीच आपले वय आपणास निश्चित ठाऊक नसल्याची व्यथा आहे. मेरीलँडमधील टॅल्बट काउंटीत जन्मलेले डग्लस आपला जन्म १८१७ च्या सुमाराचा समजत. १८९५ मध्ये त्यांचे निधन झाले तोवर या प्रश्नाचे निश्चित उत्तर त्यांना मिळाले नव्हते. डिकसन प्रेस्टन यांच्या १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ते दिले. डग्लस यांचे पहिले मालक एरन अँथनी यांनी आपल्या गुलामांच्या जन्मांची एक खासगी वही ठेवली होती. तिच्यात हॅरिएटचा मुलगा फ्रेडरिक ऑगस्टस याचा जन्म फेब्रुवारी १८१८ मध्ये नोंदलेला आहे. ज्याने आयुष्यभर ही तारीख शोधली त्याला ती मिळाली नाही. ज्याला ती केवळ मालसाठ्याची बाब होती त्याने ती लिहून ठेवली होती.

अँथनी १८२६ मध्ये निवर्तले आणि त्यांच्या गुलामांचे मूल्यमापन होऊन वाटणी झाली. बालवयातील डग्लस यांना त्यासाठी बाल्टिमोरहून परत आणण्यात आले. आत्मकथनात हा प्रसंग मध्यवर्ती आहे. माणसे आणि जनावरे एकाच रांगेत, एकाच कसोटीने तपासली जाण्याचा अनुभव त्यांनी तेथे मांडला आहे. काउंटीच्या कागदांतही तोच प्रसंग आहे. मात्र तेथे तो नावे, वये आणि डॉलर यांच्या रकान्यांत बसविलेला आहे. दोन्ही संहिता घटनेविषयी सहमत आहेत. जे यादीत अध्याहृत आहे, म्हणजे कोण कोणापासून दूर जाईल याची रात्रभराची धास्ती, ते आत्मकथनात व्यक्त होते. उलट, यादी आणि वही यांच्या आधारे प्रेस्टन यांना डग्लस यांच्या आजीच्या घराण्याचा माग अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत नेता आला. मुळे तोडली गेली अशी ज्यांची समजूत होती, त्यांचे कुटुंब त्याच प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहत होते.

डग्लस यांची मुक्तताही अखेर अशाच कागदांतून झाली. ब्रिटनमधील समर्थकांनी जमविलेल्या ७११.६६ डॉलरच्या मोबदल्यात ह्यू ऑल्ड यांनी डिसेंबर १८४६ मध्ये मुक्तिपत्र करून दिले. त्या वेळी डग्लस जगप्रसिद्ध वक्ते आणि लेखक होते. तरीही स्वातंत्र्यासाठी मालमत्तेच्या व्यवहाराची शेवटची नोंद आवश्यक ठरली.

हॅरिएट जेकब्स : पुरवणीपत्र आणि कर्तृत्वाचा प्रश्न

दुसरे उदाहरण साहित्येतिहासाच्या दृष्टीने अधिक निर्णायक आहे. हॅरिएट जेकब्स यांचे आत्मकथन १८६१ मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध झाले. त्यातील बहुतेक व्यक्तींची नावे बदललेली होती. आजीच्या घराच्या पोटमाळ्यावर, जेथे उभेही राहता येत नव्हते अशा जागेत, जवळजवळ सात वर्षे लपून राहिलेल्या स्त्रीची ही कथा अनेकांना अतिरंजित वाटली. संपादिका लिडिया मारिया चाइल्ड याच खऱ्या लेखिका असाव्यात, असाही समज रूढ झाला. जॉन ब्लासिंगेम यांच्यासारख्या गुलामगिरीच्या मान्यवर इतिहासकारानेही १९७० च्या दशकात या ग्रंथाला विश्वसनीय साधन मानले नाही.

जीन फेगन येलिन यांनी १९८१ मधील लेखात आणि १९८७ च्या आवृत्तीत हा प्रश्न निकाली काढला. कर्तृत्वाचा मुख्य पुरावा जेकब्स यांच्या पत्रव्यवहारात मिळाला. परंतु टोपणनावांमागील माणसे ओळखता आली ती नॉर्थ कॅरोलायनातील इडेंटन या गावाच्या आणि चोवान काउंटीच्या कागदपत्रांमुळे. ग्रंथातील ‘डॉक्टर फ्लिंट’ म्हणजे डॉक्टर जेम्स नॉरकॉम. जेकब्स यांची मालकीण मार्गारेट हॉर्निब्लो १८२५ मध्ये वारली. तिच्या मृत्युपत्राच्या पुरवणीने बारा वर्षांची हॅरिएट नॉरकॉम यांच्या लहानग्या मुलीला दिली गेली. त्याच पुरवणीत त्या बालिकेला एक कपाट आणि शिवणकामाचे मेजही दिलेले आहे. या पुरवणीवर मालकिणीची स्वाक्षरी नाही आणि साक्षीदारांपैकी एक स्वतः नॉरकॉम आहेत.

जिने आपल्याला लिहावाचायला शिकविले, तिनेच मृत्यूसमयी आपल्याला मुक्त न करता दुसऱ्याच्या हाती दिले, ही जेकब्स यांच्या आत्मकथनातील एक खोल जखम आहे. दस्तऐवज त्या जखमेला पुष्टी देतो आणि त्याच वेळी एक शंकाही उभी करतो : ही इच्छा खरोखर मरणासन्न मालकिणीची होती, की साक्षीदाराची? आत्मकथनकर्तीला न सुचलेला प्रश्न येथे कागदातील एका रिकाम्या जागेने विचारला आहे. दफ्तर आत्मकथनाचा केवळ ताळा करून थांबत नाही. क्वचित ते त्याचा अर्थही बदलते.

जुळणी फसते तेव्हा

या पद्धतीवरील अतिविश्वासाचा धडा ॲलेक्स हेली यांच्या ‘रूट्स’ने दिला. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात हेली यांनी आपला पूर्वज कुंटा किंटे २९ सप्टेंबर १७६७ रोजी ॲनापोलिस बंदरात आलेल्या जहाजातून आणला गेल्याचे सांगितले. सप्टेंबर १७६८ च्या एका खतात वॉलर कुटुंबातील एका भावाने दुसऱ्याला जमिनीसह दिलेला ‘टोबी’ म्हणजे तोच, असे त्यांनी मानले. गॅरी आणि एलिझाबेथ मिल्स या वंशावळतज्ज्ञ दांपत्याने १९८१ मध्ये व्हर्जिनियातील कागदपत्रे पुन्हा तपासली. तेव्हा जहाज येण्यापूर्वीच्या काही वर्षांतील अनेक दस्तऐवजांत हा टोबी आधीच आढळला. एकच खत सुटे वाचले तर हेलींचा निष्कर्ष शक्य वाटतो. आधीच्या कागदांच्या साखळीत ठेवले की तो कोसळतो. तरीही ‘रूट्स’ वाचून किंवा पाहून असंख्य कुटुंबे काउंटीच्या कचेऱ्यांकडे वळली, हे त्या ग्रंथाचे कार्य नाकारता येत नाही.

त्या ओढीमागील गरज पुढे सर्जनशील साहित्याने वेगळ्या रीतीने हाताळली. एडवर्ड पी. जोन्स यांच्या २००३ मधील ‘द नोन वर्ल्ड’ या कादंबरीत व्हर्जिनियातील एक काल्पनिक काउंटी तिच्या जनगणना, अभिलेख आणि इतिहासकारांसह उभी केली आहे. दफ्तराचा निर्विकार स्वर स्वीकारून दफ्तराच्या अधिकाराविषयीच शंका निर्माण करणे, ही तिची पद्धत आहे. सैदिया हार्टमन यांनी २००८ च्या एका निबंधात आणखी कठीण प्रश्न मांडला : ज्या कागदाने हिंसा केली त्याच कागदावर विसंबून पीडितेची कथा सांगताना ती हिंसा पुन्हा घडत नाही काय?

मुक्तीनंतरची वही आणि मराठी संदर्भ

याच काउंटी-कचेऱ्यांत १८६६ नंतर नोंदींचा एक वेगळा प्रकार दिसू लागतो. नॉर्थ कॅरोलायनाच्या १८६६ च्या कायद्यान्वये पूर्वाश्रमीच्या गुलाम दांपत्यांना काउंटीच्या कारकुनासमोर येऊन आपले सहजीवन नोंदविता येऊ लागले. त्यासाठी २५ सेंट शुल्क होते. किती वर्षे एकत्र राहिलो हे तेथे ती माणसे स्वतः सांगत आहेत. पूर्वी ज्या कचेरीत त्यांची किंमत लिहिली गेली, तेथेच आता त्यांचे शब्द लिहिले जात होते. अलीकडे याच राज्यात बंकम काउंटीच्या निबंधक कार्यालयाने गुलामांच्या खरेदी-विक्रीची जुनी खते संगणकावर खुली केली. लुइझियानात ग्वेंडोलिन मिडलो हॉल यांनी १९८४ पासून पॅरिशच्या न्यायालयांतील कागद वाचून सुमारे एक लाख व्यक्तींची माहिती एकत्र केली. या सूच्यांत शोधाची कळ मालकाच्या नावाऐवजी गुलामाच्या नावावर आली, हा बदल लहान नाही.

मराठी अभ्यासकाला हा विषय परका नाही. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ कृष्णवर्णीयांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. अमेरिकेतील दास्यमुक्ती त्यांनी येथील जातिव्यवस्थेच्या चिकित्सेसाठी उदाहरण म्हणून समोर ठेवली. मराठी दफ्तरांतही कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या आणि किमतींच्या नोंदी आहेत, आणि त्याही बहुधा एकेरी नावाच्याच आहेत. दोन्ही व्यवस्था एकरूप होत्या असे म्हणता येणार नाही. जातीचा संदर्भ, घरकामाचे स्वरूप आणि कायद्याची चौकट वेगळी होती. तथापि एक फरक विशेष लक्षणीय आहे. डग्लस आणि जेकब्स यांच्या बाबतीत यादीसमोर ठेवण्यासाठी त्यांचे स्वतःचे शब्द आहेत. कुणबिणींच्या बाबतीत बहुधा यादीच तेवढी उरली आहे. जेकब्स यांच्या पुरवणीपत्रात स्वाक्षरीची रिकामी जागा जितक्या काळजीने वाचली गेली, तितक्याच काळजीने ती यादी वाचली जाणे हे काम अद्याप मोठ्या प्रमाणावर शिल्लक आहे.