घोड्यांच्या नालांखालचं काँक्रीट

१८९१ साली अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या बेलफाउंटन गावात जॉर्ज बार्थोलोम्यू यांनी मुख्य रस्त्याच्या कडेला ८ फूट रुंदीचा काँक्रीटचा पट्टा घातला. त्या देशातला हा पहिला काँक्रीट रस्ता. मोटारींचा जमाना अजून यायचा होता. या पट्ट्याची गाठ होती ती घोड्यांच्या नालांशी आणि गाड्यांच्या चाकांवरच्या लोखंडी धावांशी.

पट्टा टिकला. १८९३ मध्ये कोर्टाच्या इमारतीभोवतीचे रस्तेही काँक्रीटचे करायचे ठरले, पण गावच्या कारभाऱ्यांना भरवसा वाटेना. बार्थोलोम्यूंनी पाच वर्षांची हमी दिली आणि त्यापोटी ५,००० डॉलरचा जामीन लिहून दिला.

त्यांच्या धाडसामागे कारागिरी होती. रस्ता दोन थरांचा होता: खाली ४ इंचांचा, जाड खडीचा थर आणि वर २ इंचांचा, बारीक खडीचा, कमी पाण्यात कालवलेला. झिजायचा तो वरचाच थर, म्हणून चांगला माल तिथे. घोडे घसरू नयेत म्हणून त्यावर चौकोनी खाचाही पाडल्या.

कमी पाण्याचं मर्म संशोधक डफ एब्रम्स यांनी १९१८ मध्ये शिकागोहून सूत्रात मांडलं: सिमेंटच्या मानाने पाणी जितकं जास्त, तितकी काँक्रीटची ताकद कमी. पृष्ठभागाला हे अधिकच भोवतं. जादा पाणी वर येताना सिमेंटचे बारीक कण आणतं. ते पाणी उडून जाण्याआधीच गवंड्याने थापी फिरवली, तर पाणी सालीतच कोंडतं आणि वर कमकुवत पापुद्रा बसतो. पुढे आठवडाभर नीट पाणी मारलं नाही, तर साल वरवर कोरडी पडते, सिमेंट अर्धवटच मुरतं आणि झाडू मारला की भुकटी उडते.

वरची साल झिजली की मार खडीवर येतो. तिची परीक्षा पोलादी पिंपात होते. खडी आणि लोखंडी गोळे एकत्र घालून पिंप सहसा ५०० वेळा फिरवतात, मग चाळणीतून किती भुगा पडला ते तोलतात. झिजणाऱ्या पृष्ठभागासाठी भारतीय मानकाने भुग्याची मर्यादा ३० टक्के ठेवली आहे, इतर काँक्रीटला ५०. दख्खनचा टणक काळा पाषाण या परीक्षेत सहसा सहज उतरतो. मात्र त्याच खडीच्या मालात, पसरायला सोपं जावं म्हणून, एक बादली पाणी जास्त ओतलं, तर रस्त्याची साल पहिल्या काही पावसाळ्यांतच सुटू लागते.