चोपदाराची काठी आणि गारद्याची तलवार

यवतमाळ जिल्ह्यांतील महागांव असो कीं दुसरें एखादें तालुक्याचें ठिकाण असो, जुन्या काळीं कचेरीच्या दाराशीं पट्टेवाला उभा असावयाचा. त्याचें नांवच मुळीं अंगावरील पट्ट्यावरून पडलेलें. त्या पट्ट्यावरचा पितळी बिल्ला साहेबाचा नसे, कचेरीचा असे. साहेबाची बदली झाली तरी बिल्ला तेथेंच राही. अधिकाऱ्यापुढें चालणारा माणूस त्या व्यक्तीचा कीं त्या अधिकाराचा, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु त्याच्या उत्तरावर मोठमोठ्या राज्यांचें बरेंवाईट अवलंबून राहिलें आहे.

प्राचीन रोमच्या लोकसत्ताक काळांत कॉन्सल घराबाहेर पडला म्हणजे त्याच्यापुढें १२ लिक्टर एकामागून एक चालत. प्रत्येकाच्या खांद्यावर तांबड्या वादीनें बांधलेली छड्यांची मोळी असे. मोहिमेवर असतां त्या मोळींत कुऱ्हाड खोवलेली असे. नगरांत मात्र ती काढून ठेवावी लागे, कारण देहदंडाविरुद्ध लोकांकडे दाद मागण्याचा हक्क नागरिकास होता. लोकसभेसमोर येतांना कॉन्सल मोळ्या खालीं लववावयास लावी. संरक्षक म्हणून हे लिक्टर दुबळेच होते. ख्रिस्तपूर्व ५९ मध्यें कॉन्सल बिब्युलस याच्या लिक्टरांच्या मोळ्या जमावानें भर चौकांत मोडून टाकल्या. त्यांचा दरारा हत्याराचा नव्हता, लोकमान्यतेचा होता. ती मान्यता सरली कीं मोळीच्या केवळ काटक्या उरत.

पुढें बादशाही आली आणि ऑगस्टसनें प्रीटोरियन नांवाची सशस्त्र गारद उभी केली. तिची निष्ठा पगार आणि बक्षीस यांवर टिकून होती. इ. स. ४१ मध्यें या गारदेच्याच अंमलदारांनीं कॅलिग्युला बादशहास ठार केलें. इ. स. १९३ मध्यें तर तिच्या शिपायांनीं पर्टिनॅक्स यास मारून बादशाही पद लिलांवास काढलें!

रोमचा हा धडा दूरचा वाटत असेल, तर पुण्याच्या शनिवारवाड्याकडे पाहावें. पेशव्यांच्या दरबारीं भालदार होते, चोपदार होते, हुजरे आणि खिदमतगार होते. चोपदार म्हणजे काठीवाला. फारसी ‘चोब’ म्हणजे लांकूड. त्याची रुप्यानें मढविलेली काठी मारण्यासाठीं नव्हती. धनी येत आहे, मर्यादा राखा, एवढेंच ती सांगे. वाड्याच्या चौकीपहाऱ्यावर मात्र गारदी होते. पाश्चात्य धर्तीची कवायत शिकलेलें हें भाडोत्री पायदळ पगार थकल्यामुळें आधींच धुमसत होतें. त्यांत वाड्यांतच नजरकैदेंत असलेल्या राघोबादादांच्या पक्षाकडून त्यांस पैशाचें आमिष मिळालें.

३० ऑगस्ट १७७३ रोजीं, गणेशोत्सवाच्या दिवसांत, सुमेरसिंग गारद्याची टोळी वाड्यांत घुसली. अवघ्या अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे धांवत जाऊन काकांस बिलगले. तेथेंच त्यांचा वध झाला. ज्यांच्या हातीं पहारा, त्यांच्याच तलवारीनें धनी पडला. पण त्याच क्षणीं चाफाजी टिळेकर नांवाच्या सेवकानें आपलें शरीर धन्यावर झोंकून दिलें आणि तोहि तेथेंच मारला गेला. दरमहाच्या वेतनानें विकत न मिळणारी वस्तु ती हीच.

या खुनाची चौकशी केली ती न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनीं. राघोबादादा तेव्हां सत्तेवर, गारदी त्यांचे पाठीराखे. शास्त्रीबुवांजवळ हत्यार नव्हतें. तरी त्यांनीं दादांस दोषी ठरविलें, आणि वर्षाच्या आंतच बारभाईंच्या हातून दादांची सत्ता गेली. गारद्यांच्या बळावर गादी मिळाली, परंतु टिकली नाहीं.

आषाढी वारींत ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीच्या तळावर आजहि एक दृश्य दिसतें. टाळमृदंगांचा गजर चाललेला असतो. चोपदार हातांतील काठी उंच करतो आणि अफाट समुदाय क्षणांत स्तब्ध होतो. त्या काठीला कुऱ्हाड नाहीं, तिच्यामागें फौज नाहीं. जमलेल्या प्रत्येकानें ती मनापासून मानली आहे, एवढेंच तिचें बळ. रोमच्या लिक्टरांची मोळी जोंवर अशी मानली जात होती, तोंवर कॉन्सलला दुसऱ्या गारदेची गरज भासली नाहीं.