न्हाणीघरातले राष्ट्रपती

१० डिसेंबर १९७५ रोजी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अबू अब्राहम यांचे एक व्यंगचित्र छापून आले. राष्ट्रपती फख्रुद्दीन अली अहमद बाथटबमध्ये आहेत आणि सही केलेला कागद दाराशी आलेल्या माणसाकडे देत आहेत. आणखी वटहुकूम असतील तर जरा थांबायला सांगा, असे ते म्हणतात. आणीबाणीचा विषय निघाला की हे चित्र आठवतेच. पण बहुधा रबरी शिक्का झालेल्या राष्ट्रपतींची थट्टा म्हणून. मला ते त्याहून बरेच नेमके वाटते. त्यासाठी ते त्या आठवड्यात ठेवून पाहायला हवे.

संसदेचे अधिवेशन चालू नसताना वटहुकूम काढण्याचा अधिकार राज्यघटनेच्या १२३ व्या कलमाने राष्ट्रपतींना दिला आहे. त्याला एक अट आहे : तातडीने पाऊल उचलणे आवश्यक आहे, अशी राष्ट्रपतींची खात्री झाली पाहिजे. ऑगस्ट १९७५ मध्ये ३८ वी घटनादुरुस्ती झाली आणि ही खात्री अंतिम ठरली. तिच्याविरुद्ध न्यायालयात दाद मागता येणार नाही, असे घटनेतच लिहिले गेले. खात्री खरोखर झाली होती का, हे विचारायची जागाच उरली नाही. आधी २५ जूनच्या रात्री आणीबाणीच्या घोषणेवर सही झाली होती, तीही मंत्रिमंडळाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळली होती.

पुढे ८ डिसेंबरला वृत्तपत्रांसंबंधी तीन वटहुकूम एकदम निघाले. एकाने 'आक्षेपार्ह' मजकूर छापण्यास बंदी केली, दुसऱ्याने प्रेस कौन्सिल मोडीत काढले, तिसऱ्याने संसदेचे कामकाज छापणाऱ्यांना असलेले कायद्याचे संरक्षण काढून घेतले. हा संरक्षणाचा कायदा १९५६ मध्ये फिरोज गांधी यांच्या खासगी विधेयकातून झाला होता. तो रद्द केला इंदिरा गांधींच्या सरकारने. यानंतर दोनच दिवसांनी अबूंचे चित्र आले. कागद कसला, हे त्या आठवड्यातल्या वाचकाला सांगायची गरज नव्हती.

अबू मूळचे केरळचे. मुंबईत 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये पत्रकारिता, मग दिल्लीत 'शंकर्स वीकली', पुढे लंडनमध्ये 'ऑब्झर्व्हर' आणि 'गार्डियन' असा प्रवास करून ते १९६९ मध्ये 'एक्स्प्रेस'मध्ये आले. १९७२ पासून ते राज्यसभेचे नामनिर्देशित सदस्यही होते. म्हणजे ज्या संसदेला बाजूला ठेवून हे वटहुकूम निघत होते, तिच्यातच त्यांची जागा होती. तिथली तक्रार त्यांनी वर्तमानपत्राच्या पानावर मांडली.

या चित्रावर एक आक्षेप घेता येतो. सत्ता जिच्या हाती होती ती व्यक्ती चित्रात नाही. हसू होते ते दुबळ्याचे. 'शंकर्स वीकली' ऑगस्टमध्येच बंद पडले होते, अशा काळात हे चित्र छापले जाऊ शकले, त्याचे एक कारण कदाचित ही अनुपस्थितीच असेल, असा माझा तर्क आहे. तरीही आक्षेप मला पुरता पटत नाही. थांबायला सांगायचे ते कुणाला? हे 'ते' दाराबाहेर आहेत, आणि आंघोळ उरकेपर्यंतही थांबायला तयार नाहीत. चित्रातली घाई राष्ट्रपतींची नाही, बाहेरच्यांची आहे. खात्री कुणाची आणि सही कुणाची, यांतले अंतर अबूंनी एका दाराने दाखवले.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ते अंतिमतेचे कलम काढून टाकले. आणीबाणी पुकारायची तर मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवला पाहिजे, अशी अटही घातली. हे एका चित्रामुळे झाले, असे कुणी म्हणणार नाही. पण न्यायालयाला जो प्रश्न विचारायची मनाई होती, तो त्या मनाईच्या चार महिन्यांनंतर एका दैनिकात विचारला गेला होता, आणि तो हजारो घरांत सकाळच्या चहाबरोबर वाचला गेला होता.