धुण्याच्या यादींतील झगा

धुक्यानें भरलेली लंडनची गल्ली, गॅसच्या दिव्याचा पिवळा उजेड, दगडी रस्त्यावर घोडागाडीच्या चाकांचा खडखडाट, आणि एका प्रतिष्ठित घरांत अकस्मात् आढळलेलें प्रेत, इतकें साहित्य जमविलें कीं डिटेक्टिव्ह कादंबरी तयार झाली, अशी अनेक लेखकांची समजूत दिसते. व्हिक्टोरिया राणी १९०१ सालीं वारली. परंतु तिच्या काळाच्या धर्तीवर नव्या रहस्यकथा अद्यापहि लिहिल्या जात आहेत. पीटर लव्हसी यांनीं १९७० सालीं आणि अ‍ॅन पेरी यांनीं १९७९ सालीं अशा मालिकांचा आरंभ केला. २०११ सालीं अँथनी हॉरोविट्झ यांनीं कॉनन डॉइलच्या वारसांच्या संमतीनें शेरलॉक होम्सची एक नवी कादंबरीच प्रसिद्ध केली. हीं पुस्तकें वाचतांना मन रमतें हें मी नाकारीत नाहीं. शाळेंत असतांना मुलांच्या बाकांखालून जीं पुस्तकें मीं जप्त केलीं, त्यांपैकीं पुष्कळशीं घरीं नेऊन मीं स्वतःच वाचून काढलीं आहेत, हें आतां कबूल करण्यास हरकत नाहीं.

परंतु धुकें आणि घोडागाडी ही या कथांची वेशभूषा झाली. त्यांचा जीव निराळा आहे. तो जीव ज्या एका खऱ्या हकीकतींतून या वाङ्मयांत आला, ती हकीकत आज सांगावयाची आहे. या हकीकतींत डिटेक्टिव्हानें सत्य ओळखलें होतें, आणि तरीहि पराभव त्याचाच झाला.

लंडनचें नवें पोलीस खातें गृहमंत्री रॉबर्ट पील यांनीं १८२९ सालीं स्थापन केलें. पोलिसाला निळा गणवेश दिला तो हेतुपूर्वक. तो कोठेंहि उभा असला तरी लोकांना दिसावा, आणि लाल गणवेशाच्या सैनिकाहून निराळा दिसावा. साध्या पोषाखांतील पोलीस म्हणजे सरकारी हेर, असें इंग्रजी माणसाला वाटे. १८३३ सालीं पोपे नांवाचा एक सार्जंट वेष पालटून एका राजकीय मंडळांत शिरला होता असें उघडकीस आलें, तेव्हां पार्लमेंटांतसुद्धां त्याचा निषेध झाला. त्यामुळें गुन्ह्यांचा तपास करणारी स्वतंत्र शाखा निघण्यास १८४२ साल उजाडावें लागलें. त्या शाखेंत दोन इन्स्पेक्टर आणि सहा सार्जंट होते. जगांतील सर्वांत मोठ्या शहरासाठीं आठ माणसें!

त्या आठांपैकीं एक जोनाथन व्हिचर. लोक त्याला जॅक म्हणत. तो कँबरवेल येथील एका माळ्याचा मुलगा. जन्म १८१४ चा. १८३७ सालीं तो पोलिसांत शिरला. चेहऱ्यावर देवीचे वण, बोलणें थोडें. चार्ल्स डिकन्सला या नव्या डिटेक्टिव्हांचें मोठें कौतुक होतें. १८५० सालीं त्यानें त्यांना आपल्या साप्ताहिकाच्या कचेरींत बोलावून त्यांच्या तोंडच्या गोष्टी ऐकल्या आणि छापल्या. त्यांत व्हिचरहि किंचित् बदललेल्या नांवानें आला आहे. चोर, भामटे, खिसेकापू यांना पकडीपर्यंत सर्व इंग्लंड या माणसांवर खूष होतें. प्रश्न उद्भवला तो हा माळ्याचा मुलगा एका सभ्य गृहस्थाच्या दिवाणखान्यांत शिरला तेव्हां.

विल्टशायर आणि सॉमरसेट या परगण्यांच्या सीमेवर रोड नांवाचें गांव आहे. तेथील रोड हिल हाऊस या प्रशस्त घरांत सॅम्युएल केंट हा गृहस्थ राही. कारखान्यांची तपासणी करणारा तो सरकारी अधिकारी होता. पहिली पत्नी वारल्यावर त्यानें, मुलांना शिकविण्याकरितां जी बाई घरांत ठेवली होती तिच्याशींच १८५३ सालीं लग्न केलें. पहिलीच्या मुलांपैकीं चौघे आणि दुसरीचीं तीन मुलें घरांत होतीं. दुसरीचीं मुलें आईबापांजवळ पहिल्या मजल्यावर निजत. पहिलीचीं मुलें नोकरांच्या शेजारीं वरच्या मजल्यावर. घराचे मजलेच घरची कथा सांगत होते. ती ऐकणारा मात्र कोणी नव्हता.

३० जून १८६० रोजीं सकाळीं दाईला दिसलें कीं पावणेचार वर्षांच्या सॅव्हिलचा बिछाना रिकामा आहे. खालीं दिवाणखान्याची खिडकी उघडी आढळली. शोधतां शोधतां बागेंतील नोकरांच्या शौचकूपांत घोंगडींत गुंडाळलेलें त्या बालकाचें प्रेत मिळालें. गळा चिरलेला होता. त्या रात्रीं घरांत बारा माणसें निजलीं होतीं, आणि बाहेरून कोणी आल्याची खूण नव्हती. बंद घर, मोजकीं माणसें, आणि त्यांपैकींच कोणीतरी खुनी: पुढें शेंकडों कादंबऱ्या ज्या सांच्यांत ओतल्या गेल्या, तो सांचा येथें साक्षात् उभा आहे.

स्थानिक पोलीस या घरांत कसे वावरले तें ऐकण्यासारखें आहे. त्याच दिवशीं स्वयंपाकघरांतील चुलीच्या पोकळींत त्यांना रक्ताचे डाग पडलेलें एक स्त्रीचें अंतर्वस्त्र सांपडलें. रात्रीं तें नेण्यास कोण येतें हें पाहण्यासाठीं दोन शिपाई स्वयंपाकघरांत दबा धरून बसले. आणि घराच्या मालकानें बाहेरून अडसर घालून त्यांनाच आंत कोंडलें! घरांत नित्याप्रमाणें सर्व चालू आहे असें नोकरांना वाटावें म्हणून आपण तसें केलें, असें त्यानें पुढें सांगितलें. तें वस्त्र मग नाहींसें झालें. मुख्य पोलीस अधिकारी फोली यानें कांहीं संकोचास्तव आणि कांहीं भीतीनें त्याचा उल्लेखच कोणाजवळ केला नाहीं. ती गोष्ट कित्येक महिन्यांनीं बाहेर आली. ज्याच्यापुढें टोपी काढावयाची त्याच्याच कपाटांत हात कसा घालावा, ही त्या बिचाऱ्यांची अडचण होती.

दोन आठवडे असे वायां गेल्यावर लंडनहून व्हिचर आला. त्यानें मोठे शोध केले नाहींत. त्यानें धुण्याची यादी पाहिली. पहिलीची मुलगी कॉन्स्टन्स, वय सोळा, हिचे निजण्याचे तीन झगे यादींत होते. घरांत दोनच मिळाले. तिसरा परटिणीनें हरवला, असें मुलीचें म्हणणें. मोलकरणीनें सांगितलें, मीं तो टोपलींत घातला होता. परटीण म्हणाली, टोपली उघडली तेव्हां तो नव्हता. दोघीहि खरें बोलत असतील तर? खुनानंतरच्या सोमवारीं मोलकरीण धुणें भरीत असतां कॉन्स्टन्स तेथें आली होती. आपल्या परकराच्या खिशांत पैशांची पिशवी राहिली आहे काय तें पाहा म्हणाली, आणि मग पिण्यास पाणी मागितलें. मोलकरीण पाण्याचा पेला आणावयास गेली. तेवढ्या क्षणांत त्या मुलीनें टोपलींतील आपला झगा परत काढून घेतला, असा व्हिचरचा तर्क. म्हणजे रक्तानें डागळलेला झगा आधींच नाहींसा केलेला. त्याची उणीव भरण्यासाठीं हा दुसरा लपविला, आणि तिसरा हरवल्याचा दोष परटिणीच्या माथीं! मला तर हें सारें अनुमान होम्सच्या कोणत्याहि अनुमानाहून सरस वाटतें. येथें राखेचा प्रकार नाहीं, चिखलाचा रंग नाहीं; फक्त दोन गरीब बायकांच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची तयारी आहे.

त्याला आणखी एक गोष्ट समजली होती. १८५६ सालीं हीच मुलगी मुलाचा वेष करून धाकट्या भावाबरोबर घरांतून पळाली होती, आणि जातांना कापलेले केंस व आपले कपडे तिनें त्याच शौचकूपांत टाकले होते.

२० जुलै रोजीं व्हिचरनें कॉन्स्टन्सला पकडलें. एका आठवड्यानें मॅजिस्ट्रेटांनीं तिला सोडून दिलें. झगा सांपडला नव्हता, आणि वकिलानें तर विचारलें कीं एका हरवलेल्या कपड्यावरून एका कुलीन मुलीचा नाश करावयाचा काय. लोकांनीं जयघोष केला. वर्तमानपत्रांनीं व्हिचरवर तोंडसुख घेतलें. पार्लमेंटांतहि त्याचें नांव निघालें. या रागांत मुलीविषयींची दया होती, हें खरें. पण एका पोलिसानें सभ्य घरांतील मुलीचे निजण्याचे कपडे मोजले, याचा संताप त्याहून मोठा होता. इंग्रज माणसाचें घर म्हणजे त्याचा किल्ला, अशी त्या समाजाची श्रद्धा. त्या किल्ल्यांत एक मूल मारलें गेलें, आणि समाज रागावला तो किल्ल्याचें दार उघडणाऱ्यावर. हा प्रकार केवळ इंग्लंडांतच घडतो असें आपल्यांतील कोणीं समजूं नये.

व्हिचरची प्रकृति आणि उमेद दोन्ही खचलीं. १८६४ सालीं, पन्नाशीच्या आंतच, त्यानें पेन्शन घेतली. पुढच्याच वर्षीं, २५ एप्रिल १८६५ रोजीं, कॉन्स्टन्स केंट लंडनच्या न्यायालयांत स्वतः हजर झाली आणि आपण एकटीनें भावाचा खून केला असें तिनें सांगितलें. सावत्र आई आपल्या आईविषयीं जें तुच्छतेनें बोले, त्याचा तो सूड होता. तिला फांशीची शिक्षा झाली, ती बदलून जन्मठेप झाली. व्हिचरचा तर्क मुळांत बरोबर ठरला. पण नोकरींतून उतरलेला माणूस पुन्हां चढला नाहीं. पुढें टिचबोर्न प्रकरणांत त्यानें खासगी रीतीनें चांगलें काम केलें, आणि १८८१ सालीं तो वारला.

आतां कादंबरीकडे येऊं. १८६८ सालीं विल्की कॉलिन्सची 'मूनस्टोन' डिकन्सच्याच साप्ताहिकांतून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यांतील हिरा आपल्याकडचा आहे. सोमनाथाच्या चंद्रदेवतेच्या मूर्तीचा तो हिरा. १७९९ सालीं श्रीरंगपट्टण पडलें त्या लुटींत एका इंग्रज अधिकाऱ्यानें तो खून करून चोरला, आणि त्याच्यामागोमाग तीन ब्राह्मण इंग्लंडपर्यंत आले, अशी कल्पना. सत्तावनच्या बंडानंतर अवघ्या अकरा वर्षांनीं एका इंग्रज लेखकानें मूळ चोर इंग्रज दाखवावा, याचें मला नेहमींच नवल वाटत आलें आहे.

तपासाला येतो तो सार्जंट कफ. माळ्याच्या घरीं वाढलेला, गुलाबांचा वेडा. हिऱ्याचा पत्ता कशावरून लागावयाचा? दाराच्या ओल्या रंगाचा डाग पडलेल्या एका निजण्याच्या झग्यावरून! कफ धुण्याची यादी मागवितो, आणि त्याचा संशय घरच्या तरुण मुलीवर जातो. त्या काळच्या वाचकाला रोड हिल हाऊस आठवल्याशिवाय राहिलें नसेल. फक्त एक फरक कॉलिन्सनें केला. रहस्य येथें फोडीत नाहीं, पण एवढें सांगणें भाग आहे कीं कादंबरींतील मुलगी निर्दोष आहे, आणि कफचा पहिला तर्क चुकतो. खऱ्या घरांतील मुलगी दोषी होती आणि खरा डिटेक्टिव्ह बरोबर होता. हें कबुलीजबाबानंतर तीनच वर्षांनीं लिहिलेलें! कॉलिन्स धीट लेखक होता; तरीहि दिवाणखान्याच्या आंत एवढें सत्य न्यावयाचा धीर त्यालाहि झाला नाहीं, असें माझें मत आहे. कफची चूक मात्र तो नंतर सुधारून घेऊं देतो; व्हिचरला तशी संधि कोणीं दिली नाहीं.

आणि होम्स? तो १८८७ सालीं आला. मधल्या काळांत, १८७७ सालीं, लंडनच्या डिटेक्टिव्ह शाखेंतीलच वरिष्ठ अधिकारी लांचखोरींत सांपडले, आणि दुसऱ्या वर्षीं ती शाखा मोडून नवी उभारावी लागली. कॉनन डॉइलनें पोलिसाला बाजूस सारलें. त्याचा डिटेक्टिव्ह स्वतः सभ्य गृहस्थ. तो कोणाच्या घरांत शिरत नाहीं, घरवाले त्याच्या जिन्यानें वर येऊन त्याला बोलावितात. पोलीस पात्रें आहेत, पण तीं बहुधा हंसूं येण्यासाठीं. दाराचा प्रश्न अशा रीतीनें सुटला, म्हणजे टाळला गेला. आज ज्या शैलीला आपण अभिजात म्हणतों ती ही.

म्हणून नवी व्हिक्टोरियन कादंबरी हातीं आली कीं मी प्रथम पाहतों, यांतील पोलीस कोणत्या दारानें आंत येतो. अ‍ॅन पेरी यांचा इन्स्पेक्टर पिट हा शिकारखान्याच्या रखवालदाराचा मुलगा, आणि मोठ्या घरांत त्याला कोठें बसवावें याची घरच्यांना पंचाईत पडते. तेथें मला खरा काळ भेटतो. या लेखिकेविषयीं १९९४ सालीं एक गोष्ट जगाला कळली. १९५४ सालीं न्यूझीलंडमध्यें, वयाच्या पंधराव्या वर्षीं, मैत्रिणीच्या आईच्या खुनांत त्या स्वतः दोषी ठरल्या होत्या; शिक्षा भोगून नवें नांव घेऊन त्या जगल्या. २०२३ सालीं त्या वारल्या. ही गोष्ट मी चघळण्यासाठीं सांगत नाहीं. परंतु बंद दाराआड एक मूल काय करूं शकतें हें जाणणाऱ्या लेखणीनेंच या जातीच्या कादंबऱ्या इतक्या वर्षें लिहिल्या, हें लक्षांत आल्यावर तीं पुस्तकें मला पूर्वीसारखीं वाचतां आलीं नाहींत.

कॉन्स्टन्स केंट वीस वर्षें तुरुंगांत राहून १८८५ सालीं सुटली. ती ऑस्ट्रेलियांत गेली, रूथ एमिली केय असें नांव तिनें घेतलें, आणि रुग्णसेवेंत आयुष्य काढलें. १९२८ सालीं जॉन ऱ्होड या रहस्यकथालेखकानें तिच्या प्रकरणावर एक पुस्तक लिहिलें. दुसऱ्या वर्षीं त्याला सिडनीहून एक लांबलचक पत्र आलें. पत्रावर सही नव्हती. त्यांत कॉन्स्टन्सचें बालपण आणि तिच्या आईची बाजू अशी मांडली होती कीं घरांत राहिल्याखेरीज कोणास ती ठाऊक असणें शक्य नव्हतें. १९४४ च्या फेब्रुवारींत केयबाईंना शंभर वर्षें पूर्ण झालीं, तेव्हां इंग्लंडच्या राजाराणीकडून अभिनंदनाची तार आली. त्याच एप्रिलच्या १० तारखेस त्या वारल्या.