पडदा बसला, पण दिसतंय का?

डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचताना मला दोन वाक्यं सतत वेगळी ठेवावी लागतात. 'पडदा बसला' हे डॉक्टरचं वाक्य. 'दिसायला लागलं' हे पेशंटचं.

१८५१ साली हेल्महोल्ट्झच्या ऑफ्थॅल्मोस्कोपमुळे जिवंत डोळ्यातला पडदा दिसू लागला. सुटलेला पडदाही दिसला, पण उपाय नव्हता. पेशंटला आठवडेच्या आठवडे निपचित पडून राहायला सांगत. वृत्तपत्रसम्राट जोसेफ पुलित्झरची नजर याच विकारात गेली, पैसा असून.

स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ज्यूल गोनँनं मूळ दुखणं ओळखलं: पडद्याला पडलेलं भोक. त्यातून पाणी मागे शिरतं आणि ओल आलेल्या भिंतीवरच्या कागदासारखा पडदा सुटतो. गोनँनं बुबुळाबाहेरच्या पांढऱ्या भागातून तापवलेलं टोक खुपसून ते भोक डागलं. बरीच वर्षं विरोध झाला. १९२९च्या अ‍ॅमस्टरडॅम परिषदेनंतर जगानं ते मानलं.

पुढे प्रत्येक पिढीनं नवं हत्यार आणलं आणि त्यासोबत नवा धोकाही. डोळ्याभोवती पट्टा आवळायची पद्धत आली; पट्टा जास्त घट्ट झाला तर डोळ्याच्या पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. १९६०च्या दशकात पॉल सिबिसनं डोळ्यात सिलिकॉन तेल भरलं. त्यानं पडदा दाबून बसतो, पण मोतीबिंदू आणि काचबिंदू मागे लागू शकतात. वायूचा बुडबुडा आला. तो आत असताना विमानात बसलं तर बुडबुडा फुगतो, डोळ्यातला दाब वाढतो आणि रक्त थांबून नजर कायमची जाऊ शकते.

सगळ्यात चटका लावणारी गोष्ट तेलाची. काही पेशंटचा पडदा छान चिकटलेला असतो, तरी तेल आत असताना किंवा काढल्यावर नजर जाते. कारणावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. कागदावर ती शस्त्रक्रिया यशस्वीच असते.

एक शत्रू मात्र हत्यारांपेक्षा जुना आहे: उशीर. पडद्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी मागच्या थरावर जगतात. मधला नाजूक भाग, मॅक्युला, सुटून दिवस गेले की त्या मरू लागतात. मग पडदा बसतो, पण वाचता येईलच असं नाही. म्हणून अचानक ठिणग्या, काळ्या ठिपक्यांचा पाऊस किंवा कडेनं सरकणारी सावली दिसली, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं.

आणि शस्त्रक्रियेआधी 'पडदा बसेल का?' एवढ्यावर थांबायचं नाही. 'मला काय दिसेल?' हेही विचारायचं.