उज्जयिनीच्या जुन्या घरांतील धुराडे

राणोजी शिंदे यांनी अठराव्या शतकात उज्जयिनीस आपले ठाणे केले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर हे सारस्वत मुत्सद्दी. महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार त्यांनीच करविला. १८१० मध्ये दौलतरावांनी दरबार ग्वाल्हेरीस हलविला, तरी पुष्कळ मराठी घरे उज्जयिनीतच राहिली.

अशा जुन्या घरांत स्वयंपाकघरातील चुलीवर धुराडे असे. गॅस आला, चूल थंडावली; धुराडे मात्र उघडेच राहिले. माळव्यातील पौषाच्या रात्री त्याचा जाच कळतो. घरातील उबदार हवा हलकी असल्याने त्यातून वर निघून जाते आणि तिच्या जागी दारखिडक्यांच्या फटींतून गारठा आत शिरतो. वारा उलटला म्हणजे काजळीही खाली येते.

यावर कोणी धुराड्याची दोन्ही तोंडे विटांनी चिणून टाकतात. आमच्या मते ही घाई होय. आत कोंडलेला दमटपणा काजळीतील क्षार भिंतीत उतरवितो आणि चुन्यावर पिवळे डाग उमटतात. त्यापेक्षा धुराडे झाडून घ्यावे. खालच्या तोंडास काढता येईल अशी फळी बसवून तीत लहानसे भोक ठेवावे. वर पाऊस अडेल पण हवा खेळेल असे झाकण घालावे. वाडा सामाईक असेल, तर सहहिस्सेदारांची संमती आधी घ्यावी.

जीर्णोद्धार म्हणजे जुन्याचा लोप नव्हे. पुढच्या पिढीस चूल पेटवावीशी वाटली, तर तिला फळी काढता यावी. भिंत फोडावी लागू नये.